काळबांडे डॉक्टरांचं आंबट-खारं

नेरच्या शाळेत विज्ञान शिकवायला मी रुजू झालो, त्याच आठवड्यात गावानं मला एक माहिती पुरवली. माझ्या शेजारी राहणारे जनावरांचे डॉक्टर काळबांडे दर बाजाराच्या दिवशी गफूर खाटकाकडून बोकडाचे कपूरे, म्हणजे वृषण, घेऊन जातात. मटण नाही, कलेजी नाही, फक्त कपूरे. हे सांगताना न्हाव्यानं वस्तरा थांबवला, आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि एक डोळा बारीक केला.

"लग्नाले बरीच वर्सं झाली, लेकरू नाई. करून राह्यला बिचारा आपल्यापरीनं उपाय."

त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी दुपारी दार वाजलं. दारात एक उंच, हाडकुळा माणूस. डोक्याचे केस उभे, मिशी मात्र शिस्तीत बसवलेली. स्वतःचं नाव सांगायच्या आधी त्यांनी विचारलं, "मास्तर, लिटमस हाये काय तुमच्यापाशी?"

"शाळेत आहे. सरकारी."

"सरकारी तं माझ्यापाशीही होतं. संपलं. चला, तुम्हाले गंमत दाखवतो."

मला जवळजवळ ओढतच त्यांनी आपल्या ओसरीवर नेलं. तिथं एका पाटावर गफूरचा माल चिरून मांडला होता. पाटाच्या कडेला पांढऱ्या दोऱ्यासारखी एक नळी सुईनं उकलून, लांब करून ठेवलेली. शेजारी सुमनवहिनी तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. त्यांना त्या पाटाचं काही वाटत नव्हतं. "भाऊजी, चहा ठेवते," त्या म्हणाल्या, आणि माझा चेहरा पाहून पुढे म्हणाल्या, "चहाची भांडी वेगळी हायेत बरं का."

डॉक्टर त्या दोऱ्यावर वाकले होते. "ही नळी गोळीच्या पाठीवर गुंडाळलेली राह्यते. पुरी उकलली तं सडकेपर्यंत जाईल. नराचं बीज गोळीत तयार होते आणि या नळीत येऊन थांबते. दिवसचे दिवस थांबते. जिवंत असते, पण हलत नाही. काहून?"

माझ्या पदवीच्या अभ्यासात बेडूक होता, बोकड नव्हता.

लिटमस नव्हतं, म्हणून त्यांनी एका छोट्या बाटलीतलं, आंबट लागलं की पिवळं पडणारं दुसरंच निळं पाणी थेंबभर काचेवर टाकलं. नळीचं टोक दाबून निघालेला दुधट थेंब त्यात मिसळला. निळ्याचं हिरवं झालं, मग हिरव्यातून पिवळसर झाक आली.

"आंबट!" डॉक्टर लहान पोरासारखे ओरडले. "इथं आंबट हाये, म्हणून ते झोपते. बाहेर पडताना वरच्या पिशव्यांतलं पाणी येऊन मिसळते, आंबटपणा उतरते, आणि ते उठून पळायले लागते. आंबटात झोप, खाऱ्यात जाग. आता मले सांगा, ही नळी आंबट ठेवते कोण? कोणीतरी ठेवत असंल ना? नळीच्या अस्तरात एखादं एन्झाइम असावं, असं मले वाटते."

'असावं' हा त्यांचा शब्द. 'आहे' असं ते फार क्वचित म्हणत. बैलाला चार पाय आहेत हेसुद्धा त्यांनी दोनदा मोजून सांगितलं असतं.

चहा घेताना मी भीत भीत गावातली बातमी त्यांच्या कानावर घातली. ते इतके हसले की बशीतला चहा धोतरावर सांडला.

"माहीत हाये मले. तुम्ही मात्र कोणाले खरं सांगू नका. गफूर मले ताकदीच्या नावानं ताजे देते. शास्त्राच्या नावानं मागितले तं शिळे देईल."

काळबांडे मूळचे दारव्ह्याकडच्या एका खेड्यातले. जबलपूरला शिकले, मग नोकरीत लागले. आपला जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला आणि तिथून महाराष्ट्रात आला, तेव्हा ते म्हणत, "मी जागचा हललो नाही, पण राज्यं फिरून आलो." नेरच्या टोकाला त्यांचं कृत्रिम रेतन केंद्र होतं. गाव त्याला वळूखाना म्हणे. तिथं चांगल्या जातीचा एक पांढराशुभ्र वळू होता, त्याचं नाव दिवाणजी. दिवाणजीचं बीज रबरी नळीत धरायचं, अंड्याचा बलक आणि क्षार घातलेल्या पाण्यात मिसळून वाढवायचं, आणि गावोगावच्या गाईंना नळीनं द्यायचं, हे डॉक्टरांचं काम.

हा कार्यक्रम पाहायला पहिल्यापहिल्यांदा केंद्राच्या कुंपणाच्या भिंतीवर माणसं चढून बसत. एका सकाळी डॉक्टरांनी भिंतीकडे पाहून आरोळी ठोकली, "पाह्यचं तं आत येऊन पाहा! लपून कायले पाहता? चोरी थोडीच करून राह्यलो!" निम्मी माणसं उड्या मारून पळाली. उरलेली आत आली. डॉक्टरांनी प्रत्येकाला सूक्ष्मदर्शकाशी उभं केलं आणि दिवाणजीचा एक थेंब दाखवला. एक पटकेवाला म्हातारा बराच वेळ डोळा लावून उभा राहिला, मग वर बघून म्हणाला, "बाप्पा! हे तं जत्रा भरली." त्या दिवसापासून वळूखान्याची चेष्टा गावात जरा कमी झाली.

प्रत्येक गोष्ट त्या निळ्या पाण्यात तपासायची त्यांना खोड होती. विहिरीचं पाणी, दही, माझ्या घरचं वरण, सगळं. माणसांचीही ते अशीच विभागणी करत. आमचे मुख्याध्यापक आंबट, गोळी सोड्याचा कारखाना चालवणारे हबीबभाई खारे. "आणि वहिनी?" मी एकदा विचारलं. "तिच्यात बोट घालायची हिंमत नाही," ते म्हणाले. आतून वहिनींचं हसू ऐकू आलं.

मी त्यांना एकदा शाळेत बोलावलं. वर्गात त्यांनी एक पेला निळं पाणी भरलं आणि पपईच्या पोकळ देठानं एका मुलाला त्यात फुंकायला लावलं. पाणी हिरवं झालं, मग पिवळं. वर्ग टाळ्या पिटायला लागला. "तुमच्या श्वासातला वायू पाण्यात जाऊन आंबट झाला," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी तो पेला स्पिरिटच्या दिव्यावर धरला. वायू उडाला, निळा रंग परत आला.

यानंतर त्यांनी बर्फात गार केलेलं निळं पाणी दोन पेल्यांत ओतलं. बोटाला सुई टोचली. रक्ताचा थेंब चमचाभर पाण्यात कालवून त्यातलं जरासं एकाच पेल्यात टाकलं. मग दोन्ही पेल्यांत हबीबभाईचा गार सोडा ओतायला सांगितला. रक्ताचा पेला ओतताक्षणी पिवळा. दुसरा मात्र निळाच राहिला, आणि आता होणारच नाही असं वाटत असताना सावकाश पिवळा झाला.

"वायू आणि पाणी यांचं लग्न लागायले वेळ लागते," डॉक्टर म्हणाले. "रक्तात एक मध्यस्थ बसला हाये. तो सोयरीक झटक्यात जमवते. गरज पडली तं काडीमोडही तोच करते. आणि स्वतः मोकळाच्या मोकळा, पुढच्या लग्नाले तयार! याले एन्झाइम म्हणतात. शरीरात कुठं किती आंबट ठेवायचं, हे असेच मध्यस्थ पाहतात."

हाच मध्यस्थ त्या नळीच्या अस्तरात आहे का, याचा ध्यास त्यांनी घेतला होता. नळीचा तुकडा खलबत्त्यात वाटून ते सोड्याचा प्रयोग करत. रंग लवकर बदले. मी म्हणे, "डॉक्टर, झालं की सिद्ध!" ते मान हलवत. "नळीत रक्त राह्यलं असंल. ते रक्ताचं काम असंल." मग मिठाच्या पाण्यानं धुवायचं, पुन्हा वाटायचं, पुन्हा पाहायचं. इतका आनंदी माणूस स्वतःच्या आनंदावर इतका अविश्वास ठेवताना मी दुसरा पाहिला नाही.

या आंबट-खाऱ्याचा खरा उपयोग झाला तो तांड्यावर.

नेरपासून सायकलनं बऱ्याच अंतरावर बंजाऱ्यांचा एक तांडा होता. वाट अशी की बैलगाडीसुद्धा कुरकुरावी. तिथं जमनीबाई नावाची म्हातारी राहायची. कोपरापर्यंत बांगड्या, अंगात आरशांची कांचळी आणि आवाज पाटलासारखा. तिच्या सासरची माणसं एके काळी बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलूखभर हिंडत. त्या जुन्या कळपातली शेवटची गाय तिच्या दारात होती, चांदी. चांदी गाभण राहत नव्हती. तांड्याचा वळू म्हातारा होऊन मेला होता. शेजारच्या गावचा वळू दाखवून झाला, दोनदा गाय उलटली, म्हणजे पुन्हा माजावर आली. डॉक्टरही दोनदा जाऊन आले होते. पण बीज थंड ठेवायला बर्फ लागे, तो अमरावतीहून एस. टी.नं गोणपाटात गुंडाळून येई, आणि तांड्यावर पोहोचेपर्यंत थर्मासमध्ये कोमट पाणी उरे. चांदी उलटली ती उलटलीच.

जमनीबाईची मुलं गाय विकायला टेकली होती. ती एकदा वळूखान्यात आली आणि जमिनीवर बसली.

"डाक्टर, या बारले उलटली तं पोरं तिले बोरीच्या बाजारात नेतीन. भाकड गाय कोन घेते, तुले माहीत हाये."

"याडी, मले एक बार अजून दे," डॉक्टर म्हणाले. बंजाऱ्यांच्या बोलीत याडी म्हणजे आई. गावात सगळ्यांना ते त्यांच्या त्यांच्या बोलीतल्या नात्यानं हाक मारत.

त्याच संध्याकाळी ते मला घेऊन हबीबभाईंच्या कारखान्यात गेले. त्यांनी कुठंतरी वाचलं होतं की सोड्याचा वायू सोडून बीजाला बेताचं आंबट केलं तर ते बर्फाशिवाय झोपून राहतं. त्या नळीत निसर्ग जे करतो, तेच बाटलीत करायचं.

हबीबभाई पांढऱ्या दाढीचे, कुलीन चेहऱ्याचे गृहस्थ. सगळं ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला. "डॉक्टरसाहब, ये गॅस इन्सान के पीने का है. आप सांड को पिलाओगे?"

"सांड को नहीं, हबीबभाई. उसके बच्चों को."

"तौबा!" हबीबभाई म्हणाले, आणि गॅसच्या टाकीची किल्ली काढून दिली.

पहिला प्रयत्न साफ फसला. डॉक्टरांनी उत्साहात वायू इतका सोडला की दिवाणजीची जत्रा झोपली ती पुन्हा उठलीच नाही. ते दिवसभर जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी निळ्या पाण्याची बाटली घेऊन परत कारखान्यात हजर. या खेपेला थोडा वायू, मग थेंब काढून रंग पाहा, पुन्हा थोडा. पिकत आलेल्या लिंबासारखा हिरवा-पिवळा रंग आला, तसे त्यांनी हात वर केले. "बस, हबीबभाई! बंद!" द्रावण काचेच्या छोट्या नळ्यांत भरून, नळ्यांची तोंडं दिव्यावर वितळवून बंद केली.

दिवाळी होऊन थंडी सुरू झाली होती. चांदी माजावर आल्याचा निरोप आला, तेव्हा शाळेला सुट्टी होती. मी सोबत निघालो. डॉक्टरांच्या सायकलला ओल्या फडक्यात गुंडाळलेली सुरई लटकत होती, तिच्यात त्या नळ्या. माझ्या कॅरिअरवर गोधडीत बांधलेला सूक्ष्मदर्शक. खड्डा आला की डॉक्टर मागे वळून ओरडत, "मास्तर, पडायचं तं तुम्ही पडा, त्याले पाडू नका!"

तांड्यावर माणसं जमलेलीच होती. बैलगाडीच्या फळीवर सूक्ष्मदर्शक मांडला, आरसा उन्हाकडे वळवला. डॉक्टरांनी एक नळी फोडून थेंब काचेवर ठेवला आणि तांड्याच्या नाईकाला आधी पाहू दिलं. नाईक हा तांड्याचा प्रमुख, मोठा गंभीर माणूस. त्यानं डोळा लावला आणि काढला.

"मेलं हाये सारं."

गर्दीत कुजबूज झाली. जमनीबाईचा मोठा मुलगा गाईच्या दाव्याकडे निघाला.

"थांब रे बापू," डॉक्टर म्हणाले. "मेलं नाही, झोपलं हाये. थेंबातला गॅस उडू दे. मेलेल्याले आणि झोपलेल्याले एकाच मापानं मोजू नका."

त्यांनी थेंबावरची झाकणकाच काढली. आम्ही सगळे त्या एका थेंबाकडे पाहत उभे. डॉक्टरांच्या कपाळावर थंडीतही घाम होता. सोड्याचा दुसरा प्रयत्नही फसला असता तर चांदीला पुढचा माज दाखवायला कुणी ठेवणार नव्हतं, हे त्यांना माझ्याहून चांगलं कळत होतं.

थोड्या वेळानं ते बाजूला झाले. स्वतः पाहिलं नाही. "याडी, तू पाह्य."

जमनीबाईनं बांगड्या मागे सारल्या आणि वाकली. मग तिचा तो पाटलासारखा आवाज साऱ्या तांड्यावर घुमला.

"हालून राह्यले! अरे, बेडकाची पोरं सुटली, बेडकाची पोरं!"

मग काय, रांगच लागली. पोरं, बायका, म्हातारे, सगळ्यांनी बेडकाची पोरं पाहिली. नाईकानं दुसऱ्यांदा पाहिलं आणि पटका सरळ केला. डॉक्टरांनी तोवर दुसरी नळी फोडून चांदीचं काम उरकलं होतं.

पुढचे तीन आठवडे डॉक्टर सैरभैर होते. तांड्याकडून कुणी आलं का, एवढंच ते विचारत. चांदी उलटली नाही. नंतर तपासून ती गाभण असल्याचं नक्की झालं, तरी ते म्हणायचे, "गाभण असावी." दिवस भरले आणि चांदीला कालवड झाली. जमनीबाई पितळी गुंडीत चीक घेऊन नेरला आली. निम्मा वहिनींना दिला, निम्मा हबीबभाईंना. हबीबभाईंच्या घरी खरवस झाला, तो त्यांनी दुकानात बसून गिऱ्हाइकांना दाखवून दाखवून खाल्ला. "इसमें अपना भी हिस्सा है," ते सांगत. कालवडीचं नाव तांड्यानं गोळी सोड्यावरून ठेवलं 'गोली'.

या यशानं डॉक्टरांचं नाव पंचक्रोशीत झालं, आणि त्याचबरोबर लोकांची एक जुनी कुजबूज वाढली. गावभर वासरं, आणि घरी पाळणा नाही. दोष वहिनींच्या माथी. त्या हळदीकुंकवाला गेल्या तर बाया लेकरं त्यांच्यापासून दूर, दुसऱ्या मांडीवर घेत. वहिनी सोमवार करत, शनिवार करत, चतुर्थी करत. हसत, पण बारीक होत चालल्या होत्या.

अशात डॉक्टरांची माय खेड्यावरून आली. ठेंगणी, काटक म्हातारी, कपाळावर रुपयाएवढं गोंदण. आमच्या दोन घरांमध्ये एकच भिंत होती, आणि म्हातारीला हळू बोलता येत नव्हतं. ती आली होती ते लेकाचं दुसरं लग्न ठरवायला. मुलगी नात्यातली होती, पाहूनही झाली होती.

"सुमन इथंच राह्यन. मी कायले तिले हाकलू? लेकीवानी ठेवीन. पन वंश तं पाह्यजे!"

वहिनी काय म्हणाल्या ते ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर मला म्हणाले, "मास्तर, मायले केंद्र दाखवतो. तुम्ही चला. कोणी तिऱ्हाईत असलं तं ती रडत नाही." त्यांचा चेहरा नेहमीसारखाच होता, आवाज मात्र कोरडा.

म्हातारीनं दिवाणजीला पाहिलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवला. मग डॉक्टरांनी तिला स्टुलावर बसवून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायला सांगितलं.

"अगं बाई! किती हाये हे!"

"दिवाणजीचं हाये, माय. आता हे पाह्य." त्यांनी काच बदलली.

म्हातारी पाहत राहिली. "इथं तं कोनीच नाई."

"नीट पाह्य."

"भिंग पूस बरं."

त्यांनी भिंग पुसलं. तिनं पुन्हा पाहिलं. काच इकडे तिकडे सरकवायला लावली. "नाई रे. रिकामं वावर हाये. कोनाचं हाये हे?"

"तुह्या लेकाचं."

म्हातारीनं डोळा काढला नाही. तशीच वाकलेली राहिली. डॉक्टर तिच्या शेजारी जमिनीवर बसले आणि शेतातल्या पाण्याबद्दल बोलावं तसं सांगू लागले.

"माय, माणसाचं खारं असायले पाह्यजे. माझं आंबट निघते. म्हणजे वरच्या पिशव्यांतलं खारं पाणी येतच नाही, आणि बीजही येत नाही. नळीच बंद असावी. जन्मापासून. याले उपाय नाही, आणि यात कोणाचा गुन्हाही नाही. पण तू दुसरी आणशील तं तीही अशीच उपास करत मरंल. मले एका बाईचे उपास पाहवत नाहीत."

"सुमनले माहीत हाये?"

"काल सांगितलं. आधीच सांगायले पाह्यजे होतं. सारखं वाटे, अजून एकदा तपासू, आपलीच चूक असंल."

मी खिडकीबाहेर पाहत होतो. स्वतःच्या आनंदावर विश्वास न ठेवणाऱ्या माणसानं दुःखालाही तीच कसोटी लावली होती. पुन्हा पुन्हा धुऊन, पुन्हा पुन्हा पाहून.

म्हातारी उठली. पदर खोचला. थेट घरी आली. आम्ही मागोमाग. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तिनं सुनेला हाक मारली.

"सुमन, आज कोनता वार?"

"सोमवार, आत्याबाई."

"भाकर खाय. माह्या समोर बसून खाय. आता उपासगिपास काई नाई."

वहिनी जेवल्या. म्हातारीनं स्वतः वाढलं, पिठल्यावर तेल घातलं, आणि सून दुसरी भाकर नको म्हणाली तेव्हा तिच्यावर ओरडली. मग घागर घेऊन ती सार्वजनिक विहिरीवर गेली. घरात पाणी भरलेलं होतं. तरी गेली. विहिरीवर बायांची गर्दी होती. तिथं उभं राहून तिनं आपल्या त्या आवाजात जाहीर केलं, "आयका गं! माह्या सुनेत काई खोट नाई. नळी माह्या पोराची बंद हाये. मी भिंगातून पाह्यलं. ज्या कोनाच्या घरी लेकरू नाई, तिनं आपल्या नवऱ्याले घेऊन यावं वळूखान्यात. माहा ल्योक पाहून देईन!"

संध्याकाळी डॉक्टरांना हे कळलं. त्यांनी डोकं धरलं. "माय, मी जनावराचा डॉक्टर हाये. माणसं पाह्यली तं नोकरी जाईल!"

"जत्रा हाये का नाई, एवढंच पाह्यचं," म्हातारी म्हणाली. "त्याले काय जनावर अन् काय मानूस."

पुढे महिनाभर संकोचलेले नवरे पाठीमागच्या वाटेनं वळूखान्यात येत राहिले, आणि डॉक्टर त्यांना चहा पाजून, समजावून, यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात पाठवत राहिले. 'आधी बायकोवर आळ घेऊ नका,' एवढं मात्र प्रत्येकाला ऐकवत. हळदीकुंकवाला वहिनींच्या मांडीवर लेकरं आपोआप येऊ लागली. म्हातारी त्यानंतर खेड्यावर परतलीच नाही. सासू-सुनेची अशी काही गट्टी जमली की भांडणात दोघी एका बाजूला आणि डॉक्टर एकटे दुसऱ्या बाजूला असत.

नळीतल्या त्या मध्यस्थाचं काय झालं, हे मी त्यांना पुष्कळदा विचारलं. "मोठमोठ्या ठिकाणी मोठमोठे लोक शोधून राह्यले," ते म्हणायचे. "त्यांले सापडलं तं बरंच. मले तं असावं असं वाटते, बस." त्यात हळहळ नव्हती.

साठ सालानंतर काही वर्षांनी त्यांची बदली झाली. सामान ट्रकमध्ये चढलं, म्हातारी ड्रायव्हरशेजारी बसली, वहिनींनी माझ्या बायकोला तुळशीचं रोप दिलं. पत्ता लिहून घेतला, पण पत्रं लिहिण्यात आम्ही दोघेही आळशी.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. एका लग्नाला निघालो होतो, यवतमाळच्या एस. टी.त खिडकीशी बसलो होतो. एका ओढ्याच्या पुलाआधी गाडी अचानक थांबली. सडकेच्या मधोमध एक बाई पदर खोचून, छत्री आडवी धरून उभी होती आणि ड्रायव्हरला दटावत होती, "हॉर्न वाजवू नको! बुजंल ती!" सुमनवहिनी. केसांत पांढरं आलं होतं, अंगानं चांगल्या भरल्या होत्या. त्यांच्यामागे सडकेच्या कडेला एक म्हैस आडवी पडली होती, मालक तिचं डोकं धरून बसला होता, आणि मागे चिखलात उताणे पडल्यासारखे होऊन, खांद्यापर्यंत आत हात घालून, काळबांडे डॉक्टर रेडकाचा अडकलेला पाय शोधत होते.

मी खिडकीतून ओरडलो, "डॉक्टर!"

त्यांनी वर पाहिलं. ओळख पटली, सगळा चेहरा उजळला. हात हलवायची सोय नव्हती. त्यांनी मिशीसकट सगळी मान जोरजोरानं हलवली आणि ओरडले, "मास्तर! उतरू नका, कपडे खराब होतील! सापडला... सापडला पाय!"

वहिनींनी छत्री बाजूला केली. गाडी हळूच पुढे सरकली. मागच्या काचेतून मी पाहत राहिलो. म्हशीनं एक मोठा हुंकार दिला, डॉक्टर मागे कोलमडले, आणि त्यांच्या मांडीवर काळंभोर, ओलंचिंब काहीतरी येऊन पडलं. वहिनी छत्री टाकून पदरानं ते पुसायला धावल्या.